एकच वऱ्हाडे हिशेबात दोनदा काऊन? रोजच्या पायथन स्क्रिप्टा आणि स्टँडर्ड लायब्ररी

नागपूरच्या कळमना बाजारात एका अडत्याकडे मी हिशेब सांभाळते. संत्र्याचा आंबिया बहार सुरू झाला की रोज संध्याकाळी गावागावाच्या पट्ट्या, हमाली, तोलाई, उचल असं सगळं एका फोल्डरात येऊन पडतं, आणि रात्रीच्या आत शेतकऱ्याच्या हाती हिशेब जायला हवा. प्रोग्रामर म्हणून मी कुठं नोकरी केलेली नाही. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मी हिशेबासाठीच शिकले. तेव्हा हे लिहिणं माझ्यासारख्यांसाठी आहे: रोजचं एक किचकट काम आहे, त्यावर स्क्रिप्ट लिहिली आहे, ती चालते आणि मधेच अडते, आणि अडली की वाटतं, एवढी साधी गोष्ट भाषेतच काऊन नाही?

कधी ती भाषेत, म्हणजे पायथनसोबतच येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीत असते, आपल्याला माहीत नसते. कधी खरंच नसते. आणि नसेल तर ती तिथं कशी जाते, याचीही एक ठरलेली वाट आहे. फंक्शनांची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना इंग्रजी अक्षरं, एवढं सांभाळा.

लिहिण्याआधी शोधा

आमच्या फायलींची नावं अशी असतात: पट्टी_काटोल, पट्टी_नरखेड, पट्टी_पारशिवनी. गावाचं नाव तेवढं हवं असेल तर बहुतेक जण एलस्ट्रिप हे फंक्शन लिहितात आणि कंसात 'पट्टी_' देतात. काटोल बरोबर येतं, नरखेडही. पारशिवनीचं मात्र 'ारशिवनी' होतं, प गायब आणि काना अधांतरी. टाकळघाटचंही तेच. कारण एलस्ट्रिप तो शब्द काढत नाही. दिलेल्या अक्षरांचा ते संच समजतं आणि डावीकडून त्या संचातलं जे अक्षर सापडेल ते खात सुटतं. पट्टीत प आहे, ट आहे. म्हणून पारशिवनीचा प आणि टाकळघाटचा ट दोन्ही गेले. निम्म्या गावांवर बरोबर चालणारी चूक पकडायला सगळ्यात अवघड असते, म्हणून चाचणीसाठी नेहमी अशी वाकडी नावं घ्या.

यावरचा उपाय म्हणजे रीमूव्हप्रिफिक्स. हे फंक्शन ऑक्टोबर २०२० मध्ये, पायथन ३.९ सोबत आलं. त्याचा प्रस्ताव पीईपी ६१६ या नावानं नोंदलेला आहे, आणि त्यातलं मुख्य कारण हेच आहे: लोक एलस्ट्रिप आणि आरस्ट्रिपकडून शब्द काढायची अपेक्षा करतात आणि फसतात. मोठा शोध वगैरे काही नाही, दोन ओळींचं काम. पण ते दोन ओळींचं काम जगभर पुन्हा पुन्हा चुकत होतं, म्हणून ते भाषेत गेलं. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढं कामी येईल.

दुसरं, राउंड. ११२.५० रुपये हमाली असेल तर राउंड ११२ देतं आणि ११३.५० असेल तर ११४. काट्यावरचा माणूस म्हणतो, "ताई, तुमचं मशीन आमचे आठ आणे खाऊन राहिलं!" मशीन काही खात नाही. बरोबर मधे अडकलेला आकडा पायथन जवळच्या सम संख्येकडे नेतं. मोठ्या बेरजांत एकाच बाजूला झुकाव येऊ नये म्हणून तो नियम आहे. पण बाजाराचा नियम वेगळा आहे: अर्धा म्हणजे वर. त्यासाठी डेसिमल मॉड्यूल घ्या, क्वांटाइझ वापरा आणि त्याला राउंड_हाफ_अप सांगा. पैशाच्या हिशेबात फ्लोट, म्हणजे पायथनचे नेहमीचे दशांश आकडे, वापरूच नका. ३.१२ पासून सम हे फंक्शन फ्लोटांची बेरीज आधीपेक्षा अचूक करतं, ही चांगली सुधारणा आहे. तरी पट्टीवर डेसिमलच. आणि एक गंमत: डेसिमलला किंवा इंटला '१२३' असे मराठी आकडे दिले तरी ती समजून घेतात. वेगळं काही करावं लागत नाही.

तिसरं, एक्सेलमधून आलेली सीएसव्ही फाइल. पहिल्याच स्तंभाचं नाव 'गाव' आहे हे डोळ्यांना दिसतं, तरी स्क्रिप्ट म्हणते असा स्तंभच नाही. एक्सेलनं यूटीएफ-८ म्हणून साठवताना फाइलच्या सुरुवातीला एक न दिसणारी खूण घातलेली असते आणि ती 'गाव'ला चिकटते. उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, खूण निघून जाते. मराठी फाइल एक्सेलमध्ये नीट उघडावी म्हणून लिहितानाही तेच द्या. एन्कोडिंग न सांगता फाइल उघडायची सवय मात्र आजच सोडा. विंडोजवर ३.१४ पर्यंतचं पायथन त्या संगणकाची जुनी कोड-पेज, म्हणजे अक्षरांची जुनी सारणी, धरतं. पीईपी ६८६ प्रमाणे ३.१५ पासून सगळीकडे यूटीएफ-८ हेच मूळ ठरतं.

जिथं लायब्ररी हात वर करते

आता शीर्षकातले वऱ्हाडे. महिन्याची बेरीज काढली की एकाच शेतकऱ्याच्या नावानं दोन ओळी येतात. शेठ विचारतात, "ताई, हे वऱ्हाडे दोनदा काऊन येऊन राहिले?" दोन्ही नावं पडद्यावर हुबेहूब सारखी. आत मात्र वेगळी. एका कीबोर्डवरून आलेल्या नावात ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यातून आलेल्या नावात साधा र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह, आणि मग ह. तिसरीही तऱ्हा असते: साधा र आणि खाली नुक्ता.

यावर युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ वापरा असं सगळीकडे सांगतात. वापरा, पण त्यानं अर्धंच काम होतं. एनएफसी हा प्रकार दिला की नुक्तावाला र नीट ऱ होतो. जॉइनरवाला र तसाच राहतो, कारण युनिकोडच्या हिशेबात ती दोन रूपं समान मानलेलीच नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढा, मग एनएफसी, आणि मग रिप्लेसनं 'र, हलन्त, जॉइनर' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' घाला. तीन ओळींचं हे फंक्शन, आणि नाव फाइलमधून आत येतं त्याच क्षणी लावायचं. बेरजेच्या वेळी लावलं तर कुठं तरी एक जागा राहून जाते.

शब्द वेगळे करायचे असतील तर आणखी एक खड्डा आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या आरई मॉड्यूलमध्ये 'बॅकस्लॅश डब्ल्यू' म्हणजे शब्दातलं अक्षर. त्याला 'नागपूर' दिलं की ते तीन तुकडे परत देतं: 'न', 'गप', 'र'. काना आणि ऊकार त्याच्या लेखी अक्षरं नाहीत. 'नागपूर' या शब्दावर इझअल्फा विचारलं तर उत्तर नाही असं येतं, त्याच कारणानं. आणि गंमत बघा, याच भाषेत हमाली नावाचा व्हेरिएबल देवनागरीत लिहून चालतो, कारण नावांचा नियम मात्रा धरतो आणि 'बॅकस्लॅश डब्ल्यू'चा नियम धरत नाही. ही तक्रार पायथनच्या नोंदवहीत २००७ पासून आहे. ती सुटेपर्यंत दोन रस्ते आहेत. चौकटी कंसात 'बॅकस्लॅश डब्ल्यू' सोबत देवनागरीचा पूर्ण पट्टा द्या, युनिकोडमध्ये ०९०० ते ०९७एफ, आणि त्या जॉइनरलाही सोबत घ्या. नाही तर पिप या साधनानं रेगेक्स नावाचं बाहेरचं मॉड्यूल बसवा; ते मात्रा शब्दातच धरतं.

गावांची यादी अकारविल्हे लावणं हा तिसरा त्रास. सॉर्टेड हे कोडच्या क्रमानं लावतं, आणि त्या क्रमात ळ हा व च्या आधी येतो. म्हणून कळमेश्वर कवठ्याच्या वर बसतं. मराठी वर्णमालेत ळ शेवटी, ह नंतर. लोकेल मॉड्यूल त्या संगणकावर बसवलेल्या भाषांवर अवलंबून असतं, भरवसा ठेवू नका. मी सॉर्टेडला 'की' म्हणून एक छोटं फंक्शन देते, त्यात ळ ला ह च्या पुढं ढकललेलं असतं. गावांच्या यादीपुरतं एवढं पुरतं. शब्दकोश करत असाल तर भाषेप्रमाणे क्रम लावणारं पायआयसीयू हे बाहेरचं मॉड्यूल बघा.

स्वतःची फाइल, एकच

ही सगळी छोटी फंक्शनं प्रत्येक स्क्रिप्टमध्ये चिकटवत बसू नका. एकच फाइल करा. माझ्या फाइलीचं नाव 'मदत' आहे. तिच्यात एखादं फंक्शन कधी जावं? ते दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये चिकटवायला हात गेला की. आणि प्रत्येक फंक्शनच्या खाली डॉकटेस्टच्या दोन-तीन ओळी लिहा: हे दिलं की हे यावं. पारशिवनी, टाकळघाट, आणि वऱ्हाडे या नावाची तिन्ही रूपं. पुढं कुणाला पटवायची वेळ आली की त्याच ओळी पुरावा म्हणून चालतात.

वर न्यायचं तर

पायथनची लायब्ररी वाढते कशी, हे इटरटूल्स मॉड्यूलमध्ये छान दिसतं. त्याच्या दस्तऐवजात बरीच वर्षं 'रेसिपी' दिलेल्या होत्या, म्हणजे लोकांनी आपापल्या कोडात उतरवून घ्यायचे नमुने. त्यातलं पेअरवाइज ३.१० मध्ये खरं फंक्शन झालं. यादीचे ठरावीक आकाराचे गट पाडणारं बॅच्ड ३.१२ मध्ये आलं. शेतकऱ्यांना शंभर-शंभरच्या गठ्ठ्यात निरोप पाठवायला मी तेच वापरते. आधी वापर, मग प्रवेश.

उलटी वाटही आहे. पीईपी ५९४ प्रमाणे ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मधून टेलनेटलिब, सीजीआय अशी १९ मॉड्यूलं काढून टाकली. लायब्ररीत आलेली प्रत्येक गोष्ट कुणाला तरी वर्षानुवर्षं सांभाळावी लागते, म्हणून तिथली माणसं नव्या गोष्टीला सहज हो म्हणत नाहीत. मला ते बरोबर वाटतं. माझं ळ चं फंक्शन तिथं जाऊ नये. ते एका भाषेचं, एका कामाचं आहे, बाहेरच्या पॅकेजमध्येच बरं. 'बॅकस्लॅश डब्ल्यू'ची गोष्ट वेगळी. तो मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली सगळ्यांचा त्रास आहे आणि बाहेरून नीट झाकता येत नाही.

तुम्हाला काही नोंदवायचं असेल तर पायथनच्या तक्रारी २०२२ पासून गिटहबवर, सीपायथन नावाच्या भांडारात असतात. आधी जुन्या नोंदी शोधा, इंग्रजीत तीन-चार वेगवेगळ्या शब्दांनी. सापडली तर नवी उघडू नका, जुनीत आपलं उदाहरण जोडा. उदाहरण पाच ओळींच्या वर जाऊ देऊ नका: काय दिलं, काय आलं, काय यायला हवं होतं, पायथनची आवृत्ती, संगणकाची प्रणाली. शेठ, कळमना, बहार, यातलं काहीही नको. 'नागपूर' हा एक शब्द पुरतो. आणि वाचणाऱ्याला देवनागरी येत नाही हे धरून प्रत्येक अक्षराचं युनिकोड नावही द्या. युनिकोडडेटाचं नेम फंक्शन ते छापून देतं.

पहिलं काम म्हणून कोडाला हात लावू नका, दस्तऐवजाला लावा. एखाद्या फंक्शनच्या पानावर जे वाक्य तुम्हाला नडलं, ते दुरुस्त करून पाठवा. ती पानं त्याच भांडारात डॉक नावाच्या फोल्डरात साध्या मजकुराच्या फायली म्हणून असतात. बदल स्वीकारला जाण्याआधी योगदान देणाऱ्यांच्या परवाना-करारावर ऑनलाइन सही करावी लागते, एकदाच.

कोड बदलायचाच असेल तर लिनक्सवर भांडार उतरवा, कॉन्फिगरला 'विथ-पायडीबग' द्या, मेक करा, आणि तयार झालेल्या पायथननं आपल्या मॉड्यूलच्या चाचण्या चालवा. त्या लिब फोल्डरातल्या टेस्टमध्ये असतात. नवी चाचणी आधी लिहा, ती पडते हे बघा, मग कोड सुधारा. सोबत ब्लर्ब नावाच्या साधनानं बदलाची एक छोटी नोंद जोडावी लागते. चूक सुधारणारा बदल चालू आवृत्त्यांतही जातो. नवं फंक्शन मात्र पुढच्याच आवृत्तीत, आणि ती वर्षातून एकदा, ऑक्टोबरात येते.

तेवढ्यात दुकान बंद ठेवता येत नाही, आणि आमच्या काउंटरवरच्या संगणकावर अजून ३.१० च आहे. म्हणून 'मदत' फाइलीत बॅच्ड असं आणते: आधी इटरटूल्समधून मागायचं, इम्पोर्टएरर आली तर खाली स्वतःचं लिहिलेलं वापरायचं. स्क्रिप्टांना फरक कळत नाही. संगणक बदलला की खालच्या ओळी खोडायच्या, आणि शेजारी टिपणीत लिहून ठेवायचं की कोणत्या आवृत्तीनंतर खोडायच्या, म्हणजे ते काम माझ्या जागी बसणारा पोरगाही करू शकेल.