मायक्रोकंट्रोलरची फ्लॅश स्वतःच्या कोडमधून लिहिताना

एम्बेडेडमध्ये, म्हणजे उपकरणांतल्या छोट्या चिपच्या प्रोग्रॅमिंगमध्ये, नव्याने येणाऱ्यांना मी एक काम आवर्जून सांगतो. एसटीएम३२एफ१०३सी८ चिपचा साधा ‘ब्लू पिल’ बोर्ड घ्या आणि त्याच्या फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, स्वतःच्या प्रोग्रॅममधून एक आकडा लिहून दाखवा. चिप बनवणाऱ्या एसटी कंपनीच्या तयार एचएएल लायब्ररीला हात न लावता, थेट रजिस्टरवर, म्हणजे चिपचं काम ठरवणाऱ्या तिच्या आतल्या छोट्या खणांवर. लायब्ररी वाईट नाही, पण तिच्या एका फंक्शनमागे काय घडतं हे ठाऊक नसेल, तर बोर्ड अडला की नेमकं कुठे बघायचं तेच कळत नाही.

या चिपमध्ये ६४ केबी फ्लॅश आहे, १ केबीच्या ६४ पानांची. आपल्या डेटासाठी शेवटचं पान घ्या. त्याचा पत्ता हेक्समध्ये (सोळाच्या पायात) ०८००एफसी००. लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोड मेमरीत कुठे बसवायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) फ्लॅशची लांबी ६३ केबी करून ते आधीच राखून ठेवा, म्हणजे कोड वाढत गेला तरी तिथे पोचणार नाही.

रिसेटनंतर फ्लॅश कुलूपबंद असते. ते उघडायला ‘की’ (किल्ली) रजिस्टरमध्ये आधी ४५६७०१२३ आणि मग सीडीईएफ८९एबी हे हेक्स आकडे याच क्रमाने लिहावे लागतात. क्रम चुकला तर पुढच्या रिसेटपर्यंत ती उघडतच नाही. भरकटलेल्या कोडने चुकून फ्लॅश पुसू नये, म्हणून ही सोय.

पुसताना पीईआर (पान पुसण्याचा) बिट सेट करा, अ‍ॅड्रेस रजिस्टरमध्ये पानाचा पत्ता द्या, स्टार्ट बिट लावा आणि बिझी बिट शून्य होईपर्यंत थांबा. मग डीबगरच्या (चालत्या चिपच्या आत डोकावू देणाऱ्या साधनाच्या) मेमरी विंडोत बघा, सगळीकडे एफएफ दिसेल. आता पीईआर काढून पीजी (लिहिण्याचा) बिट लावा आणि व्होलाटाइल पॉइंटरने (कंपायलर ज्यातलं लिहिणं गाळत नाही अशा) १२३४ हा १६ बिटांचा हेक्स आकडा लिहा. विंडोत ३४ १२ दिसेल, कारण खालचा बाइट आधी बसतो. त्याच जागी ५६७८ लिहायला जा: आकडा जसाच्या तसा राहील आणि स्टेटस रजिस्टरमध्ये पीजीईआरआर (लिहिण्यातली चूक दाखवणारा) बिट लागेल. फ्लॅशमध्ये १ चा ० करता येतो, ० चा १ करायला अख्खं पान पुसावं लागतं, हे इथे डोळ्यांसमोर दिसतं. भरलेल्या जागेवर ही चिप फक्त ०००० लिहू देते. जुनी नोंद रद्द करायला ते फार उपयोगी पडतं. एकेक बाइट लिहायचा प्रयत्न मात्र करू नका, थेट हार्ड फॉल्ट (प्रोसेसरचा गंभीर दोष) येतो.

पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात, आणि कोड त्याच फ्लॅशमधून चालत असल्याने प्रोसेसर तेवढा वेळ थांबून राहतो. इंटरप्टसुद्धा (तातडीच्या कामासाठी प्रोसेसरला येणाऱ्या हाका) ताटकळतात. ११५२०० बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट) यूएआरटी या सीरियल जोडणीचा बाइट साधारण ८७ मायक्रोसेकंदांनी येतो, म्हणजे तेवढ्यात दोनशेहून जास्त बाइट हातचे जाऊ शकतात. समोरून डेटा येत असेल तर तो डीएमएने (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणाऱ्या भागाने) रॅममध्ये घ्या, नाहीतर पुसण्याची वेळ निवडून ठेवा.

सगळ्यात जास्त विचार करायचा तो झिजेचा. डेटाशीट किमान १०,००० वेळा पुसण्याची हमी देते. दर मिनिटाला पान पुसून एक सेटिंग लिहिलं, तर ही हमी सात दिवसांच्या आतच संपते! त्याऐवजी ८ बाइटांच्या नोंदी एकाखाली एक लिहीत जा. पानात १२८ नोंदी बसतात आणि पान भरल्यावरच पुसायचं. त्याच हमीत १२,८०,००० नोंदी होतात. मुलाखतीत कुणी ‘फ्लॅशमधला एक बाइट कसा बदलाल?’ असं विचारलं, तर हा हिशोब मांडून दाखवा.

लिहिता लिहिता वीज गेली तर काय, हेही आधीच ठरवा. नोंदीतला डेटा आधी लिहा, ‘नोंद पूर्ण’ ही खूण सर्वांत शेवटी. सुरू होताना खूण नसलेली नोंद सोडून द्या. पान पुसताना वीज गेली तर सगळ्याच नोंदी जातात, म्हणून महत्त्वाच्या डेटासाठी दोन पानं घ्या: ताजी नोंद दुसऱ्या पानावर पोचली, वाचून तपासली, की मगच पहिलं पुसा.

फ्लॅश उघडणं, पुसणं आणि लिहिणं हे सगळं एसटीच्या पीएम००७५ या छोट्याशा मॅन्युअलमध्ये आहे. ते समोर उघडं ठेवून बसा, आणि तुमचा कोड चालला की मग एचएएलचं पान पुसण्याचं फंक्शन उघडून वाचा. त्यातली ओळ न् ओळ ओळखीची वाटेल.