बुद्ध, ड्यूई आणि एक आडवा कागद

अकरावी-बारावीला मी इतिहास शिकवते. धर्मसंस्थापकांचा प्रभाव जास्त की तत्त्वज्ञांचा, हा प्रकल्प दरवर्षी कोणीतरी आणतंच. यंदा एका मुलीने बुद्ध आणि अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई ही जोडी घेतली आणि दोन ओळींत निकाल लावला: बुद्धाचे अनुयायी कोट्यवधी, ड्यूईला कोण ओळखतं? म्हटलं, "बेटा, डोकी मोजून हे कळत नाही. कागद आडवा धर."

आधी प्रश्न लहान करा. 'जगावरचा प्रभाव' हाती लागत नाही. कुठे, कोणावर, कधी, ते ठरवा. आम्ही घेतलं नागपूर, 1956.

मग परिणामापासून मागे चाला. कागदाच्या उजव्या टोकाला लिहा: 14 ऑक्टोबर 1956, दीक्षाभूमी. लाखोंच्या त्या गर्दीत माझी आजी होती, पांढरं लुगडं नेसून, कडेवर माझे बाबा. घरी आल्यावर तिने उपास सोडले, अंगारे-धुपारे बंद केले. असं काहीतरी तुमच्या घरातूनही शोधा. दुसऱ्या दिवसापासून माणूस काय वेगळं करू लागला, ते अनुयायांच्या आकड्यात दिसत नाही.

आता बाबासाहेबांपर्यंत काय कुठून आलं, त्याच्या रेघा डावीकडे ओढा. एक रेघ केळुसकर गुरुजींनी मॅट्रिकच्या वेळी भेट दिलेल्या बुद्धचरित्राकडे जाते. दुसरी कोलंबिया विद्यापीठाकडे. तिथे 1913 ते 1916 बाबासाहेब शिकले, ड्यूई त्यांचे प्राध्यापक होते. 1936च्या 'जातिनिर्मूलन' भाषणात ड्यूईंचं ऋण ते नाव घेऊन मान्य करतात आणि समाजाने वारशातलं निरुपयोगी ते पुढच्या पिढीला देऊ नये, हा विचार त्यांच्याकडूनच घेतात. प्रत्येक रेघेवर विचार आणणाऱ्याचं नाव हवंच. नाव सापडत नसेल, तर रेघ तुटक ठेवा.

माणूस स्वतः काय म्हणतो, तेही नोंदवा. 1954मध्ये आकाशवाणीवर बाबासाहेबांनी सांगितलं, स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच राज्यक्रांतीतून नाही, बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली. हा मोठा पुरावा आहे. तरी एवढ्यावर थांबू नका, 1936चं भाषण शेजारी ठेवून वाचा.

शेवटी एकेक नाव बोटाने झाका. बुद्ध झाकला, तर दीक्षेचं मैदानच रिकामं होतं. ड्यूई झाकला, तर मैदान भरलेलंच राहतं, पण परंपरा तपासून घ्यायची, तिच्यातलं टाकाऊ टाकायचं, या युक्तिवादाचा एक भक्कम खांब जातो. माझ्या मते इथे बुद्धाचा प्रभाव निःसंशय मोठा. पण ड्यूईचा शून्य नाही, आणि तो त्याचं नावही न ऐकलेल्या माझ्या आजीच्या देव्हाऱ्यापर्यंत पोहोचला होता.

तेवढ्यात मुलीने विचारलं, "मॅडम, बाबासाहेबांचे गुरू तर तीन ना? कबीर आणि फुले कुठे लिहू?" डावीकडे जागा उरली नव्हती. आम्ही दुसरा कागद चिकटवला.