स्ट्रॉबेरी: ऊन वाढताच पानाखालचा लाल कोळी तपासा

महाबळेश्वर, पाचगणी, वाई पट्ट्यात फेब्रुवारीत रात्री गार असल्या तरी दुपारचे ऊन चटके देऊ लागते, हवा कोरडी पडते. थंडीत रेंगाळलेला लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, आता कमी दिवसांत एक पिढी पूर्ण करतो. प्लॉट तांबूस दिसू लागला, पानांवर जाळी चढली की मग पंप काढायचा, ही सवय महागात पडते. तोपर्यंत झाडाची ताकद गेलेली असते आणि फळ बारीक होते.

आठवड्यातून दोनदा पाहणी करा. वेगवेगळ्या गादीवाफ्यांवरून २० ते ३० पाने घ्या. अगदी कोवळी नको, जमिनीला टेकलेली जुनीही नको. मधल्या थरातल्या पानाची मधली पाकळी (पानाच्या तीन भागांपैकी मधला) उलटी करून १० पट भिंगाने पाहा. रस्त्याकडेच्या धुळीच्या ओळी आणि ठिबकचे पाणी कमी पोहोचणारी टोके आधी तपासा, सुरुवात बहुधा तिथूनच होते.

ओळखताना रंगावर जाऊ नका, चालीवर जा. किडीच्या कोळ्याच्या पाठीवर दोन काळसर ठिपके असतात आणि तो संथ फिरतो. अंडी बारीक, गोल, पारदर्शक. परभक्षी कोळी (किडीच्या कोळ्याला खाणारा मित्र कोळी) चकचकीत, नासपतीसारख्या घडणीचा, बिनठिपक्यांचा असतो आणि भिंगाखाली भरभर पळतो. त्याची अंडी लांबट आणि मोठी असतात. नारिंगी परभक्ष्यालाच कीड समजून औषध मारले जाते, असे बऱ्याचदा घडते.

सरासरी पाकळीमागे ५ कोळ्यांपर्यंत घाई नको. परभक्षी सगळीकडे दिसत असतील, तर ३-४ दिवस थांबून पुन्हा मोजा. प्रादुर्भाव ठरावीक जागीच असेल तर तिथे काठी रोवून खूण करा, उपाय तेवढ्याच भागात करा आणि तोडणीला त्या वाफ्यावर सर्वांत शेवटी जा. कोळी कपड्यांवरून पसरतो.

मावा किंवा फुलकिड्यांसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक वापरले की परभक्षी मरतात आणि दोन-तीन आठवड्यांत कोळी उसळतो. फेब्रुवारीतल्या मोठ्या उद्रेकामागे पुष्कळदा जानेवारीतली अशी फवारणी असते. जादा युरिया आणि पाण्याचा ताण त्यात भर घालतात. आतल्या कच्च्या रस्त्यावर पाणी शिंपडून धूळ बसवा. वाळलेली, जाळी धरलेली खालची पाने पिशवीत भरून बाहेर नेऊन पुरा; बांधावर टाकली तर कोळी परत येतो. शेजारचा घेवडा वाळू लागला की त्या बाजूच्या ओळींवर विशेष लक्ष ठेवा.

सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. ५ किलो निंबोळी पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणचुरा विरघळवून मिसळा आणि एकूण द्रावण १०० लिटर करा. त्याच दिवशी वापरा. नोझल खालून वर धरून पानांची मागची बाजू पूर्ण ओली झाली पाहिजे. वरून मारलेले औषध काळ्या मल्चिंगवर (वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकवर) ओघळून जाते. अंड्यांतून नवी पिल्ले निघतात, म्हणून ५ ते ७ दिवसांनी दुसरी फवारणी लागते. गंधक दुपारच्या कडक उन्हात किंवा तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवड्यांच्या आत वापरू नका, पाने करपतात.

रासायनिक कोळीनाशक घ्यायचेच झाले, तर स्ट्रॉबेरीसाठी लेबल क्लेम (या पिकावर वापरायची अधिकृत मान्यता) आहे का ते पाहा आणि मात्रा लेबलवरचीच ठेवा. फळ एक-दोन दिवसाआड तोडले जाते, त्यामुळे काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (फवारणी ते तोडणी यांत सोडायचे दिवस) पाळता येणार नसेल तर ते औषध या पिकात बसत नाही. एकाच गटाचे औषध लागोपाठ मारू नका. हेक्झिथायाझॉक्ससारखी औषधे अंडी व पिल्लांवर चालतात, प्रौढ कोळ्यांवर नाही. दुसऱ्या दिवशी कोळी फिरताना दिसले म्हणून मात्रा वाढवू नका.

फुलकिड्यांसाठी फुले पांढऱ्या कागदावर झटकून मोजा आणि निळे चिकट सापळे फुलांच्या उंचीवर लावा. माव्याच्या वसाहतीवर मुंग्यांची रांग दिसली तर मुंग्यांचाही बंदोबस्त करा, त्या मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. कोणतीही फवारणी मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळीच करा. परागीभवन अपुरे राहिले की फळ वेडेवाकडे होते.