पणजीच्या मध्यवर्ती भागात गाडी नेताना या चुका टाळा

सकाळी साडेनऊच्या सुमारास मांडवीवरच्या पुलावरून पणजीत उतरणाऱ्या माणसाला कोंडीचे कारण विचारले, तर तो अरुंद रस्ते, पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या किंवा खोदकाम यांपैकी काहीतरी सांगतो. ही कारणे खरीच आहेत. परंतु म्हापशाहून रोज पणजीला ये-जा करताना अनेक वर्षे जे पाहिले, त्यावरून माझे मत असे बनले आहे की या शहरातली पुष्कळशी कोंडी आपण स्थानिक चालकच निर्माण करतो, आणि तीही गाडी चालवताना नव्हे, तर ती चुकीच्या जागी किंवा चुकीच्या रीतीने थांबवताना.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘दोन मिनिटांचे काम’. १८ जून रस्त्यावर औषधे घ्यायची असतात, कडेला जागा नसते, म्हणून आधीच उभ्या असलेल्या गाड्यांच्या शेजारी दुसऱ्या रांगेत गाडी उभी केली जाते आणि चारही दिवे लुकलुकत ठेवले जातात. ते दिवे बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत. वाटेल तेथे थांबण्याचा परवाना त्यांतून मिळत नाही. सुरळीत चाललेल्या एका रांगेतून साधारणपणे दर दोन सेकंदांनी एक गाडी पुढे जाते. म्हणजे ज्या रस्त्यावर वाहत्या गाड्यांसाठी एकच रांग उरते, तेथे दोन मिनिटांच्या थांब्याने साठेक गाड्यांची वाट अडते, आणि त्यांची शेपटी मागच्या चौकात पोहोचली की ज्यांना त्या रस्त्याने जायचेही नाही असे लोक अडकतात. गाडीत दुसरे कोणी असेल तर त्याला उतरवून चालकाने पुढे निघून जावे. एकटे असाल तर गाडी दूर ठेवून चालत यावे, याला दुसरा उपाय नाही.

दुकानासमोरच जागा मिळेल या आशेने चर्च चौक, महात्मा गांधी रस्ता आणि आझाद मैदान यांच्याभोवती फेऱ्या मारणे, ही याच चुकीची दुसरी बाजू. अशी गाडी हळू चालते, मध्येच थबकते आणि कोणी निघताना दिसला की मागच्यांना अडवून वाट पाहते. जुन्या पणजीचा मध्यभाग मुळात लहान आहे. पाटो येथील बहुमजली वाहनतळावर गाडी ठेवली, तर चर्च चौकापर्यंत वीस मिनिटांच्या आत चालत पोहोचता येते, आणि उन्हात पायी जाणे जमत नसेल तर कदंब परिवहन महामंडळाच्या इलेक्ट्रिक बस व मोटारसायकल पायलट (दुचाकी टॅक्सी) आहेतच. नोव्हेंबरमधल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत दयानंद बांदोडकर मार्गावर आणि ८ डिसेंबरच्या चर्चच्या फेस्ताच्या (उत्सवाच्या) वेळी चर्च चौकाकडे गाडी नेण्याचा विचारच करू नये. मांडवीपलीकडच्या बार्देशातून येणाऱ्यांनी बेतीची फेरीबोट विसरू नये, असे मला मनापासून वाटते. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा याच फेरीबोटींनी दोन्ही तीर जोडून ठेवले होते.

पुलाची निवड पूल येण्याआधी, पर्वरीतच करावी. फोंड्याकडे किंवा मडगावकडे परस्पर जाणाऱ्या मोटारींसाठी २०१९ मध्ये खुला झालेला अटल सेतू आहे. दुचाकींना व रिक्षांना त्यावर मनाई असल्याने त्यांनी खालचा पूलच धरावा. फाट्याशी आल्यावर आठवण होऊन रांग कापत आडवे शिरणे, किंवा वाट ठरेपर्यंत तेथेच थांबणे, या दोन्ही गोष्टी घातक आहेत. चुकीचा फाटा लागलाच तर पुढे जाऊन वळावे. एका ब्रेकने किती मोठी कोंडी होते, हे जपानमधील संशोधकांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले आहे. २३० मीटर परिघाच्या वर्तुळात २२ मोटारी सारख्या वेगाने फिरवण्यास सांगितले असता, कोणताही अडथळा नसताना थोड्याच वेळात गाड्या थांबू लागल्या आणि ती थांबण्याची लाट मागे मागे सरकत गेली. पुलावर पुढच्या गाडीला चिकटून न जाता अंतर राखले, तर तिचा हलका ब्रेक आपल्याशीच विरतो.

सर्कलवर आत फिरत असलेल्या गाडीचा हक्क आधी असतो, हा नियम दिवजा सर्कलवर रोज मोडला जातो. चौकापलीकडे आपल्या गाडीपुरती जागा दिसत नसेल, तर सिग्नल हिरवा असला तरी रेषेमागेच थांबावे. मागून हॉर्न वाजतील, वाजू द्यावेत.

रुग्णवाहिकेचा आवाज आला की घाबरून आहे त्या जागी ब्रेक दाबणारे बरेच असतात. म्हापशाकडून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) जाणाऱ्या रुग्णाला मांडवी ओलांडावीच लागते आणि पुलावर कडेला जागा नसते. अशा वेळी डावीकडच्या रांगेने अधिक डावीकडे व उजवीकडच्या रांगेने अधिक उजवीकडे सरकत, सावकाश पुढे जात मधली वाट मोकळी करावी. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

कोंडीत गाडीच बिघडू लागली तर काय करावे, हेही माहीत असावे. आल्तिनो टेकडीच्या चढावर अर्धवट क्लचवर गाडी तोलून धरल्यास क्लचप्लेट जळते व करपल्याचा वास येतो. हँडब्रेक ओढून थांबावे आणि निघताना क्लचची पकड जाणवल्यावरच तो सोडावा. रखडत्या गर्दीत समोरून वारा लागत नसल्याने रेडिएटरची सगळी भिस्त पंख्यावर असते. तापमानाचा काटा चढू लागला की एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते; तरीही काटा खाली येत नसेल तर कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते गार होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये.

पावसाळ्यात १८ जून रस्त्यावर व सांतिनेजमध्ये पाणी तुंबते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याची चूक मी स्वतः केली आहे आणि तिचा खर्च सोसला आहे. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे चावी फिरवताच आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गिअर न्यूट्रल करून, आसपासच्या चार माणसांना हाक मारून गाडी ढकलत कोरड्या जागी न्यावी आणि मेकॅनिक येईपर्यंत चावी खिशात ठेवावी.