पॉप की आयमॅप: आधी बघा, मेलची मूळ प्रत कुठे आहे

मेलचं खातं आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये जोडायला घेतलं की प्रश्न येतो, पॉप की आयमॅप? सर्व्हर म्हणजे मेल कंपनीचा नेटवरचा कॉम्प्युटर, आणि तिथले मेल आपल्यापर्यंत आणायच्या या दोन पद्धती. बहुतेक जण जे आधीच निवडलेलं दिसेल त्यावर पुढे जातात. जळगाव, भुसावळ, रावेर भागातल्या दालमिल, जिनिंग आणि केळी ग्रुपच्या ऑफिसांत मी हे काम बरीच वर्षं करतोय. एक सल्ला अजून जिथे-तिथे ऐकू येतो, ‘पॉप घ्या, मेल आपल्या कॉम्प्युटरवर राहतात, सेफ असतं.’ हा सल्ला देणं आता बंद व्हायला हवं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी लाइट जाते-येते, आणि पत्र्याच्या शेडमधल्या ऑफिसात ज्या डिस्कवर सगळे मेल आहेत तीच डिस्क आधी बसते. याला सेफ कसं म्हणायचं?

दोन्हींतला फरक असा. आयमॅप म्हणजे गादीवर ठेवलेली एकच खातेवही. मालक फोनवरून उघडो, मुनीमजी ऑफिसातून उघडोत, सीएकडचा मुलगा लॅपटॉपवर उघडो, वही तीच. एकाने मेल वाचला की सगळीकडे वाचलेला दिसतो, एकाने पुसला की सगळीकडून जातो. पॉप म्हणजे वहीतली पानं काढून आपल्या घरी नेणं. जो आधी आला त्याने पानं नेली, नंतर आलेल्याला कोरी वही. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ अशी खूण करता येते, पण तरीही पॉप फक्त इनबॉक्स आणतं. तुम्ही पाठवलेले मेल, तुम्ही केलेले फोल्डर, काय वाचलं नि काय नाही, यातलं काहीच एका मशिनवरून दुसऱ्यावर जात नाही.

पॉप वाईट म्हणून जन्मलं नाही. ते १९८४ चं. लाइन जोडा, मेल उतरवा, लाइन तोडा, एवढंच काम तेव्हा हवं होतं. आयमॅप १९८६ मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी सुरू केलं, ते मेल सर्व्हरवरच ठेवून कुठूनही काम करता यावं म्हणूनच. आज बांधावर उभं राहून फोनवर मेल बघणाऱ्या माणसाची गरज दुसरी आहे, त्यामुळे उत्तरही दुसरं.

निवड

खातं दोन किंवा जास्त ठिकाणी उघडणार असाल, आणि फोन धरला तर सगळेच तसे असतात, तर आयमॅप. यावर जास्त विचार करू नका.

पॉप मी फक्त तीन ठिकाणी लावतो. एक, मेल खरोखर एकाच कॉम्प्युटरवर बघितला जातो आणि होस्टिंगवाल्याने, म्हणजे सर्व्हरवरची जागा भाड्याने देणाऱ्याने, मेलबॉक्सला जेमतेम जागा दिली आहे. दोन, एखादं सॉफ्टवेअर फक्त मेलमधल्या फाइली उचलून घेतं. तीन, बॅकअप म्हणून ठेवलेला वेगळा कॉम्प्युटर, ज्याच्यावर कोणी काम करत नाही आणि ज्याला सर्व्हरवरून काहीही पुसायची मुभा नाही. मायक्रोसॉफ्टचं ऑफिसचं खातं असेल तर आउटलुक आपली पद्धत आपण निवडतं. तिथे हात लावू नका.

जोडणी

सेटिंगमध्ये पोर्ट, म्हणजे जोडणीचा नंबर, विचारतात. आयमॅपला पोर्ट ९९३, पॉपला ९९५, पाठवण्याच्या एसएमटीपीला ४६५ किंवा ५८७. १४३ आणि ११० हे जुने पोर्ट कोणी सांगितले तर लावू नका. एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर गुप्त करून पाठवणं, नसेल तर तिथून पासवर्ड उघडा जातो.

जीमेल असेल तर शक्यतो गूगलच्या खिडकीतून लॉगिन करा. प्रोग्राम जुना असेल आणि ती खिडकी येत नसेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे त्या प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड, गूगलकडून घ्या. नेहमीचा पासवर्ड टाकून जोडणी होण्याची सोय गूगलने २०२२ मध्ये साध्या खात्यांसाठी बंद केली, म्हणून ‘पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही’ अशी तक्रार येते.

पॉपवरून आयमॅपवर येणं

बाकी सगळं दहा मिनिटांचं काम आहे. इथे मात्र मेल जातात. माझ्या हातून गेले आहेत.

जळगावातल्या एका दालमिलमध्ये जुना कॉम्प्युटर काढून नवा बसवायचा होता. नव्यावर आयमॅप लावलं, इनबॉक्स भरला, मालकांना दाखवलं, ‘बघा शेठ, सगळं आलं.’ वरचे मेल दिसत होते, खाली जाऊन मी पाहिलं नाही. जुनी मशीन फॉरमॅट करून दिली. चार दिवसांनी मुनीमजींचा फोन, मागच्या वर्षीचे मेल कुठे आहेत? ते कुठेच नव्हते. जुन्या आउटलुकमध्ये पॉप होतं, आणि प्रत ठेवायच्या खुणेसोबत ‘१४ दिवसांनी सर्व्हरवरून काढा’ हेही लावलेलं होतं. सर्व्हरवर होते ते शेवटचे चौदा दिवस. तीन वर्षांची मूळ प्रत मी पुसलेल्या डिस्कवर होती. एका पार्टीशी पेमेंटचा वाद चालू होता, भाव ठरल्याचा मेल त्यातच होता. तो परत मिळाला नाही.

तेव्हापासून काहीही करण्याआधी मी एकच गोष्ट बघतो. जुन्या कॉम्प्युटरचं नेट बंद ठेवतो, ब्राउजरमधून मेलबॉक्स उघडतो आणि सर्वांत जुना मेल कोणत्या तारखेचा आहे ते वाचतो. मग तीच तारीख जुन्या कॉम्प्युटरवर बघतो. ब्राउजरमध्ये २०१७ चे मेल दिसत असतील तर तुम्ही सुटलात. मागच्या महिन्याचेच दिसले तर मूळ प्रत त्या कॉम्प्युटरवर आहे, आणि ती हलवल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. विंडोज अपडेटही नाही.

मग पीएसटी फाइलची, म्हणजे आउटलुक ज्या फाइलीत मेल साठवतं तिची, प्रत घ्या. क्लासिक आउटलुकमध्ये ती बहुधा डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स या फोल्डरात असते. आउटलुक पूर्ण बंद करून, बाहेरच्या हार्ड डिस्कवर. चालू आउटलुकची फाइल कॉपी करायला जाल तर होणार नाही किंवा अर्धवट होईल. प्रत दुसऱ्या मशिनवर एकदा उघडून बघा. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

आता त्याच आउटलुकमध्ये जुनं पॉप खातं तसंच ठेवून बाजूला आयमॅप जोडा. आयमॅपखाली ‘जुने २०१९’, ‘जुने २०२०’ असे वर्षांचे फोल्डर करा आणि जुने मेल त्यांत टाका. टाकताना मूव्ह नाही, कॉपी. डाव्या बटणाने ओढलं तर आउटलुक मूव्ह करतं. मध्येच नेट तुटलं की किती इकडे, किती तिकडे, हे शोधण्यात दिवस जातो. उजव्या बटणाने ओढा, कॉपीचा पर्याय येतो.

आधी दहाच मेल टाका आणि फोनवर बघा. तारीख मूळची दिसते का? अटॅचमेंट उघडते का? काही ठिकाणी सगळ्या जुन्या मेलवर आजची तारीख चढलेली दिसते. हे दहा मेलवर कळलं तर बरं, दहा हजारांवर कळलं तर डोक्याला हात. आउटलुकमध्ये तसं झालं तर हेच काम थंडरबर्डमधून करून बघा.

घाई करू नका. गूगल वर्कस्पेसमध्ये, म्हणजे कंपन्यांसाठीच्या जीमेलमध्ये, आयमॅपने दिवसाला साधारण ५०० एमबीच चढवता येतं, उतरवता येतं २५०० एमबी. मर्यादा ओलांडली तर खातं काही वेळ अडतं, आणि तेवढ्यात ग्राहकाची ऑर्डर आली तर तीही दिसत नाही. म्हणजे ४ जीबीचे मेल चढवायला आठवडा-सव्वा आठवडा धरा. रोज संध्याकाळी एका वर्षाचा फोल्डर लावून घरी जा. सकाळी दोन्हीकडची मेलची संख्या वहीत लिहून जुळवा. आणि सेंट फोल्डर विसरू नका. बहुतेक जण इनबॉक्स हलवतात आणि खूश होतात. पण भाव तुम्ही काय कळवला होता ते सेंटमध्येच असतं, आणि पॉपमध्ये ते सर्व्हरवर कधी गेलेलंच नसतं.

आधी मेलबॉक्सची जागाही तपासा. साध्या जीमेलला १५ जीबी, पण त्यात ड्राइव्ह आणि फोटोही आले. होस्टिंगच्या १ जीबीच्या मेलबॉक्समध्ये ४ जीबी चढवायला गेलात तर तो भरेल आणि नवे मेल परत जायला लागतील.

लपलेलं पॉप

सगळं नीट लागल्यावरही एक गोष्ट छळते. रावेरकडच्या एका केळीच्या व्यापाऱ्यांचा फोन आला, ‘मना मेल कथा गयात, भाऊ?’ (माझे मेल कुठे गेले?) सकाळी फोनवर दिसलेला मेल दुपारी गायब. आयमॅप माझ्याच हाताने लावलेलं, सेटिंग चोख. ऑफिसात दोन तास सगळ्या मशिनी तपासल्या. शेवटी कळलं, त्यांच्या घरी माळ्याखालच्या खोलीत जुना कॉम्प्युटर होता. मुलगा त्यावर अभ्यास करायचा, आणि मशीन सुरू झाली की आउटलुक आपोआप उघडायचं. त्यात पॉप होतं, प्रत ठेवायची खूण नव्हती. दर दहा मिनिटांनी तो कॉम्प्युटर इनबॉक्स ओढून घेत होता. त्यांचे मेल तिथे सुखरूप होते, पण ते बघायला कोणी जात नव्हतं.

मेल आपोआप नाहीसे होत असतील तर व्हायरस, हॅकर काही शोधू नका. आधी कुठेतरी पॉप चालू आहे का ते बघा. शोधत बसण्यापेक्षा पासवर्ड बदला, अ‍ॅप पासवर्ड असतील तर तेही सगळे रद्द करा. प्रत्येक मशीन तुटते. मग एकेक मशीन पुढ्यात घेऊन, तिच्यात अडकलेले मेल वर सांगितल्याप्रमाणे काढून, आयमॅपनेच जोडा. जीमेलमध्ये हे आणखी सोपं आहे. ब्राउजरमधल्या सेटिंगमध्ये जाऊन पॉप पूर्ण बंद करता येतं. ठेवायचंच असेल तर ‘प्रत इनबॉक्समध्ये ठेवा’ हे तिथेच निवडा, कारण जीमेल आउटलुकमधली खूण मानत नाही, स्वतःचं सेटिंग मानतं.

नंतरचं

आयमॅप लागलं की ऑफिसात सगळ्यांना एक गोष्ट समोर बसवून सांगा. फोनवरून पुसलेला मेल ऑफिसातूनही जातो. फोनची जागा मोकळी करायला म्हणून हजारभर मेल पुसणारे मी पाहिले आहेत. जागा हवी असेल तर फोनमध्ये ‘मागच्या ३० दिवसांचेच मेल ठेवा’ असं सेटिंग बहुतेक अ‍ॅपमध्ये असतं, ते लावा. सर्व्हरला धक्का लागत नाही.

आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. महिन्यातून एकदा सगळे मेल बाहेरच्या डिस्कवर उतरवा. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची असतात, आणि आजकाल अर्धी बिलं मेलवरच येतात.

जुनी मशीन तीन महिने कपाटात ठेवा, फॉरमॅट करू नका. मार्चअखेरचे हिशेब मिटले, सीएने मागितलेला प्रत्येक मेल नव्या खात्यात सापडला, की मग ती विकायला काढा. पीएसटीची डिस्क मात्र तेव्हाही विकायची नाही.