प्रश्न सुटत नाही म्हणून उठताय? या चुका टाळा

"बाजूला ठेव जरा, आपोआप सुचेल." हा सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. बाजूला ठेवलेले कितीतरी प्रश्न तसेच धूळ खात पडतात. कधी उठलो, उठण्याआधी काय केलं आणि उठून काय करत बसलो, यावर बरंच अवलंबून असतं.

पुरतं न अडकताच उठणं

फ्रेंच गणिती आँरी प्वँकारे यांचा किस्सा बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. सहलीला निघाले होते, बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि गणितातली मोठी कल्पना सुचली. बसची पायरी सगळ्यांच्या लक्षात राहते. पण १९०८ च्या व्याख्यानात त्यांनी त्याआधीचंही सांगितलं होतं: पंधरा दिवस रोज टेबलाशी बसून केलेली खटपट, तीही सुरुवातीला उलट्या दिशेने. एका विशिष्ट प्रकारची फलनं (म्हणजे गणितातली 'फंक्शन्स') असूच शकत नाहीत, हे ते सिद्ध करू पाहत होते.

दहा मिनिटांत कंटाळून उठलात, तर डोक्याला मागे घोळवायला काही मिळतच नाही. त्याला फार तर चहाची सुट्टी म्हणू.

कुठे अडलंय ते न लिहिता उठणं

ही माझी स्वतःची चूक, आणि वर्षानुवर्षांची. एका छोट्या मंडळाचे हिशेब मी बघते. एका वर्षी दोन्ही बाजू जुळेनात, फरक ५,४००. तीनदा बेरीज केली, तीनदा तोच आकडा. एखादी नोंद राहिलीय, याची मला इतकी खात्री होती की मी फक्त राहिलेली नोंद शोधत होते. शेवटी चिठ्ठीवर लिहिलं: "फरक ५४००. या रकमेची पावती नाही. निम्मे, २७००, चुकीच्या बाजूला? नाही." आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला गेले.

चादरीची दुसरी घडी घालताना चिठ्ठीवरचा आकडा डोळ्यांसमोर आला. पाच आणि चार, नऊ. फरकाला नऊने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा, ही हिशेबनिसांची जुनी युक्ती. मला ती ठाऊक नव्हती असं नाही! परत येऊन उलटसुलट अंक शोधले. ८,२६० च्या जागी २,८६० लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात.

चादरीत काही जादू नव्हती. मी 'राहिलेली नोंद' या एकाच चाकोरीतून फिरत होते, ती सुटली एवढंच. लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये पाण्याच्या भांड्यांची कोडी देऊन हेच दाखवलं होतं. पहिली काही कोडी एकाच लांबलचक रीतीने सुटली, की पुढे दोन पायऱ्यांत सुटणारं कोडंही बरेच जण त्याच लांब रीतीने सोडवत राहतात. उठण्याचा फायदा होतो तो ही पकड ढिली होते म्हणून. आणि घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे लिहिलेलं असलं, की आपण कशाला चिकटून बसलोय तेही दिसतं.

उठून मोबाईल हातात घेणं

खुर्ची सोडली, डोकं मात्र दुसरीकडे जुंपलं. २००९ मध्ये ११७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात, विशेषतः शब्दांच्या कोड्यांत, मधल्या वेळी हलकंफुलकं काम करणाऱ्यांना जास्त फायदा झालेला दिसला, नुसतं बसणाऱ्यांपेक्षा आणि अवघड काम करणाऱ्यांपेक्षाही. म्हणजे भांडी घासा, झाडांना पाणी घाला. तुंबलेल्या मेसेजना उत्तरं देणं हलकं काम नव्हे.

चालण्याबद्दल एक बारीक गोष्ट. स्टॅनफर्डच्या २०१४ च्या प्रयोगांत चालताना लोकांना नव्या कल्पना भरपूर सुचल्या, पण एकच नेमकं उत्तर असलेल्या शब्दकोड्यांत चालणारे किंचित मागे पडले. लेखाचं शीर्षक सुचत नसेल तर पायी फिरून या. आकडा चुकत असेल तर मी तरी घड्या घालणंच पसंत करते.

सुचलेलं टिपून न ठेवणं

हॅमिल्टन हे आयरिश गणिती त्रिकांच्या, म्हणजे तीन-तीन संख्यांच्या गटांच्या, गुणाकारामागे लागले होते. "बाबा, जमला का गुणाकार?" असं मुलं सकाळी विचारत. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी पत्नीबरोबर डब्लिनच्या कालव्याकाठी चालताना सूत्र सुचलं, तीनऐवजी चार घटकांचं. त्यांनी ते पुलाच्या दगडावर कोरलं, हे सगळे सांगतात. दगडावरचं ते कोरीव काम आता दिसत नाही. पण तिथल्या तिथे त्यांनी खिशातली वही काढून नोंदही केली होती.

सुचलं म्हणजे सुटलं, असं धरणं

बसमध्ये प्वँकारे यांना पूर्ण खात्री वाटली होती. तरी कान (Caen) या फ्रेंच शहरात परतल्यावर त्यांनी निवांत बसून सगळं पडताळलं. अशी खात्री कधीकधी फसवते, हेही त्यांनीच नोंदवलंय. अंघोळ करताना सुचलेली माझी निम्मी उत्तरं तरी कागदावर टिकत नाहीत.

न अडलेल्या प्रश्नापासून उठणं

काही कामं अडलेली नसतात, नुसती कंटाळवाणी असतात. चाळीस पानं तपासायची राहिली असतील, तर फिरून आल्यावरही ती चाळीसच असतात. काही वेळा माहितीच अपुरी असते. दोनदा उठून आले आणि चिठ्ठीवर नवी ओळ पडली नाही, की मी तिसऱ्यांदा उठत नाही. ज्याने पावती फाडली त्याला फोन लावते.