पेनड्राइव्हवरून व्हर्च्युअल मशीन सुरू करायच्या आधी

गेल्या खेपेला मी हे काम घाईत उरकलं आणि भलताच पेनड्राइव्ह पुसला गेला. त्यावर घरचे फोटो होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. म्हणून ही यादी. व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या मशीनच्या आत प्रोग्रामने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर. खरं मशीन लिनक्सचं आणि त्यावर व्हर्च्युअलबॉक्स हा तसा प्रोग्राम, असं धरून लिहितोय. विंडोजवर जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगेन.

बॅकअप घ्या. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना बघा. व्हर्च्युअल मशीनला निम्म्याहून जास्त रॅम देऊ नका. हे सगळ्यांना माहीत असतं, पुढे जाऊ.

व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमधला बूट ऑर्डर, म्हणजे मशीन कशावरून सुरू व्हायचं त्याचा क्रम, उघडा. तिथे फ्लॉपी, ऑप्टिकल, हार्ड डिस्क आणि नेटवर्क दिसेल, यूएसबी नाही. त्यामुळे पेनड्राइव्हला हार्ड डिस्कचं रूप द्यावं लागतं. त्यासाठी एक छोटी व्हीएमडीके फाइल बनवायची. तिच्यात डेटा नसतो. खरी डिस्क अमुक ठिकाणी आहे, एवढा पत्ताच असतो. फाइल जेमतेम काही केबींची असते, म्हणून ती किरकोळ वाटते. पण व्हर्च्युअल मशीन त्या पत्त्यावर डोळे झाकून लिहितं. पत्ता चुकला तर लिहिणं चुकीच्या डिस्कवर होतं, आणि कोणी विचारत नाही.

माझं चुकलं ते इथेच. लिनक्स जोडलेल्या डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं. पेनड्राइव्ह एसडीबी म्हणून दिसत होता, मी पत्त्यात एसडीबी लिहिलं. त्या दिवशी सगळं सुरळीत चाललं. दुसऱ्या दिवशी दोन पेनड्राइव्ह लावले, दोन्ही एकाच कंपनीचे, दोन्ही ३२ जीबी. फोटोंचा आधी लावला, तो एसडीबी झाला. फाइल कालचीच वापरली. व्हर्च्युअल मशीनमधल्या इन्स्टॉलरने आकार तोच दाखवला, नावही तेच, शंका यायला जागाच नव्हती. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ निवडलं आणि एंटर दाबलं.

तेव्हा ऐका: एसडीबी हे पेनड्राइव्हचं नाव नाही. जो आधी दिसला त्याला ते मिळतं. पेनड्राइव्ह काढून परत लावला, मशीन रीस्टार्ट केलं, दुसरी डिस्क जोडली, की अक्षर बदलू शकतं. पत्त्यात एसडीबी, एसडीसी लिहूच नका. डेव्ह फोल्डरमध्ये डिस्क, त्यात बाय-आयडी असं फोल्डर असतं. तिथे प्रत्येक डिस्कचं कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर मिळून बनलेलं लांबलचक नाव असतं. तेच नाव वापरा. शेवटी पार्ट१ असलेलं नको, ते एका पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या एका भागाचं, असतं. पूर्ण डिस्कचं हवं.

आणि नुसत्या आकारावर विसंबू नका. एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड चालवताना मॉडेल आणि सिरियल हे दोन्ही रकाने मागून घ्या. माझ्या दोन्ही पेनड्राइव्हच्या ओळी शेजारी शेजारी येतात: मॉडेल तेच, आकार तोच, फरक फक्त सिरियलच्या शेवटच्या चार अक्षरांत. आता मी ती चार अक्षरं चिकटपट्टीवर लिहून पेनड्राइव्हलाच लावली आहेत. तुम्हीही लावा.

विंडोजवर अशी कायमची नावं वापरायची सोय नाही. तिथे फिजिकलड्राइव्ह २ असा क्रमांक द्यावा लागतो, आणि तोही असाच बदलतो. म्हणून दर वेळी, म्हणजे अगदी दर वेळी, पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड खिडकीत) गेट-डिस्क चालवून क्रमांकासमोरचा सिरियल वाचा. कालचा क्रमांक आज धरू नका. व्हर्च्युअलबॉक्स ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नाहीतर डिस्कला हातच लावता येणार नाही.

आता लिनक्सवरची परवानगी. थेट डिस्कवर लिहायला ती लागते. स्वतःला ‘डिस्क’ या युजर ग्रुपमध्ये घालून मोकळं व्हायचा मोह होतो. नका घालू. त्याने सगळ्याच डिस्कवर लिहायची मुभा मिळते, म्हणजे माझ्यासारखी चूक झाली तर ती अडवायला काही उरत नाही. सेटएफएसीएल या कमांडने त्या एका डिस्कपुरती परवानगी द्या. पेनड्राइव्ह काढून लावला की ती जाते आणि पुन्हा द्यावी लागते. कटकट आहे, पण त्या निमित्ताने सिरियल पुन्हा बघितला जातो, म्हणून मला ती हवीच आहे.

पेनड्राइव्ह लावला की डेस्कटॉप तो आपणहून माउंट करतो, म्हणजे वापरायला उघडतो. अनमाउंट करा. खरं मशीन आणि व्हर्च्युअल मशीन दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर फाइल सिस्टीम मोडते. मात्र ‘इजेक्ट’ दाबू नका, त्याने डिस्कच गायब होते. विंडोजवर डिस्क मॅनेजमेंटमधून ड्राइव्हचं अक्षर काढा. व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी मेनूतून तोच पेनड्राइव्ह पुन्हा जोडू नका.

‘बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमधली ईएफआयची (मशीन सुरू करायच्या नव्या पद्धतीची) खूण बदलून बघा. बहुतेकदा तेवढंच असतं.

फक्त बूट होतं का एवढंच बघायचं असेल तर क्यूईएमयू हा व्हर्च्युअल मशीनचा दुसरा प्रोग्राम वापरा आणि स्नॅपशॉट पर्याय लावा. लिहिलेलं सगळं तात्पुरत्या फाइलमध्ये जातं, पेनड्राइव्हला धक्का लागत नाही. मी त्या दिवशी हे वापरलं असतं तर फोटो राहिले असते.

बाकी थोडक्यात. पोर्ट यूएसबी ३ चा घ्या. व्हर्च्युअल मशीन नीट शटडाउन करा, ‘सेव्ह स्टेट’ करून पेनड्राइव्ह उपटू नका. जुनी व्हीएमडीके व्हर्च्युअलबॉक्सच्या मीडिया मॅनेजरमधून काढून टाका, नाहीतर नवी बनवताना यूयूआयडी (फाइलचा ओळख क्रमांक) जुळत नाही म्हणून अडेल. नको असलेले पेनड्राइव्ह आधीच काढून ठेवा. आणि स्टार्टवर क्लिक करण्याआधी सिरियलची शेवटची चार अक्षरं वाचा, चिकटपट्टीवरची आणि पडद्यावरची.